रीलच्या डब्यात पाणी कुठून आलं

१२ नोव्हेंबर १९९८, गुरुवार

बंदराहून तिसरा डबा परत आला. टेम्पोवाल्याने दारातच आदळला. झाकण मीच खोललं. आत पाणी. फार नाही, बशीभर, पण खारट. बोट लावून जिभेला लावलं म्हणून कळलं. सहाच्या सहा रिंगा हिरव्या पडलेल्या. या रिंगा मी मार्चमध्ये मऊ फडक्याने पुसून पुसून बसवल्या होत्या. आठ महिन्यांत ही दशा.

आमच्या कारखान्याचे साहेब डोक्यावर उभे. क्रेन दीड दिवस बंद होती, जहाज धक्क्याला तसंच उभं. साहजिक आहे. क्रेन रुळावरून पुढे-मागे जाते, तिच्यामागे मनगटाएवढी जाड केबल आमच्या रीलवर गुंडाळली जाते आणि सुटते. रील फिरणार, जमिनीतून येणारी वीज काही फिरणार नाही. त्या दोघींची गाठ माझ्या डब्यातल्या रिंगांवर पडते. तिथे पाणी शिरलं की एवढं मोठं धूड जागच्या जागी.

साहेबांनी सगळ्यांसमोर हरीदादाला विचारलं, "हरिश्चंद्र, ग्लँड नीट आवळला होतास ना?" ग्लँड म्हणजे केबल डब्यात शिरते तिथला मोठा नट. बंदरावर रील चढवायला, जोडायला, चालू करून द्यायला चौदा वर्षं हरीदादाच जातो. तो म्हणाला, "आवळला व्हता साहेब. दोन पान्यांनी."

"मग पाणी कुठून आलं?"

डबा मी बांधलेला, पण मला कोणी विचारलं नाही.


१३ नोव्हें., शुक्रवार

शुक्रवारी वीज नाही म्हणून सुट्टी, नेहमीप्रमाणे. घाण्यावरून तेल आणलं. आमच्याच वाडीतले नारळ, यंदा तेल स्वच्छ उतरलंय. गाळ्यातली बाटली संपत आली होती, तीही भरून पिशवीत टाकली.

नणंद आली होती. म्हणे, "वहिनी, तू घरचं तेल कारखान्यात कशाला नेतेस?" सांगितलं तिला. डब्याच्या दांड्यावर रबराचं सील चढवावं लागतं, गोल बांगडीसारखं. कोरडं चढवलं तर कातडी सोलल्यासारखं फाटतं. पूर्वी साहेब मुंबईहून ग्रीसची ट्यूब आणायचे. गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत ती संपली आणि आठ दिवस आलीच नाही. रील तर द्यायची होती. मी आपलं डोक्याचं तेल काढलं. सील गेलं की सर्रकन! तेव्हापासून संध्याकाळी सील तेलात बुडवून ठेवते, सकाळपर्यंत छान मुरतात. अख्ख्या गाळ्याने माझी युक्ती उचलली. साहेबांनी वास घेऊन "वा" म्हटलं होतं. पोरी म्हणतात, बाईंचे डबे डोक्याला तेल लावून सासरी जातात.

नणंद पोट धरून हसली. बरं वाटलं. काल दिवसभर कोणी हसलं नव्हतं.


१४ नोव्हें., शनिवार

बंदराचा फॅक्स. साहेबांनी वाचून दाखवला. "बसवताना निष्काळजीपणा." फिटरचं नावच घातलंय त्यांनी.

हरीदादाला बंदरावर जायचं बंद. आजपासून स्टोअरमध्ये. नट-बोल्ट मोजून द्यायचे आणि वहीत लिहायचं. साहेब ओरडले नाहीत, हळू आवाजात बोलले, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "वय होतं रे सगळ्यांचं," म्हणाले. हरीदादा छप्पन्न वर्षांचा आहे. चिंचोटीहून सकाळची पहिली एसटी पकडतो, गाळा उघडायच्या आधी दारात हजर. मी त्रेचाळीसची. मला पायरी चढताना धाप लागते, त्याला शिडी चढताना लागत नाही.

त्याने बंदराचा गेटपास खिशातून काढला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. पासवरचा फोटो जुना, मिशी काळी. मग स्टोअरमध्ये जाऊन स्टुलावर बसला.

दुपारी मी जेवणाचा डबा उघडून त्याच्यासमोर सारला. खाल्लं नाही. "बाय, मना एक सांग. मी तिसऱ्या टायमाला पान्याला दम दिला का नाय?" मी तिथे होते का बाबा! पण म्हटलं, "दिला असशील." चुकलं माझं. 'दिलास' म्हणायला हवं होतं.


१६ नोव्हें., सोमवार

दोन दिवस डोक्यात एकच. हरीदादाने दोन पान्यांनी आवळलं म्हणजे आवळलं. मग खोट सीलमध्ये. सील वर्षभर नव्या माणसाकडून येतात. त्यानेच हलकं रबर दिलं असणार. सिद्ध करून दाखवते.

एकाच पाकिटातले तीन सील घेतले. व्हर्नियरने जाडी मोजली. तिन्ही ८.० मिमी. तीन वाट्या घरून आणल्या. पहिल्या वाटीत सील कोरडंच. दुसरीत मिठाचं पाणी, बंदरावर खारी हवा असते म्हणून. तिसरीत आपण बसवतो तसं, तेलात. खरं म्हणजे तिसरीची गरज नव्हती. पण तपासायचं तर सगळं तपासावं.

वाट्या खिडकीत, वर वर्तमानपत्र. साहेब म्हणाले, "राऊतबाई, हे काय, मोड काढताय?" म्हटलं, "हो. तुमच्या सप्लायरचे."


१८ नोव्हें., बुधवार

८.० / ८.० / ८.२. तिसऱ्याचं तीनदा मोजलं. व्हर्नियर हलला असेल.

आज नव्या रीलची चाचणी. आपल्याकडे क्रेन नाही, गाळ्यात जागाही नाही. म्हणून नेहमीप्रमाणे रील दारात रोवली, केबलचं टोक टेम्पोला बांधलं आणि टेम्पो गल्लीत पुढे-मागे, पुढे-मागे. साठ फेऱ्या. आमच्या चंदनसारला आता चहूकडे इमारती. समोरच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले. आमची केबल त्यांच्या गेटसमोरून सरपटते आणि लोकांना ओलांडून जावं लागतं, अशी तक्रार. दरवेळी हरीदादा त्यांना हात जोडून "पाच मिनिटं शेठ" म्हणायचा आणि तासभर काढायचा. आज कोणी नव्हतं बोलायला. टेम्पोवाल्यानेच वाद घातला.

रीलची मोटर सुरू झाली तशी हरीदादा स्टोअरच्या दारात आला. कानाला पेन्सिल. मोटरचा आवाज ऐकून त्याला ब्रेक नीट लागतोय का ते कळतं. एक पाऊल पुढे टाकलं, मग आठवलं असावं. आत गेला.


१९ नोव्हें., गुरुवार

८.० / ८.० / ८.३.

नाही, व्हर्नियर हललेला नाही.


२२ नोव्हें., रविवार

८.० / ८.१ / ८.७.

आज मोजलं नसतं तरी चाललं असतं. नुसतं हाताला लागतंय. तिसरं फुगलंय, ऊन लागलेल्या मेणासारखं मऊ झालंय. नखाने दाबलं तर खूण राहते. सील दांड्याला घट्ट धरून राहायला हवं. हे काय धरणार!

मनाला म्हटलं, अजून थोडे दिवस बघू. घाई नको. कसली घाई नको?


२५ नोव्हें., बुधवार

८.० / ८.१ / ९.२. तिसरं दांड्यावर चढवून बघितलं. गोल गोल फिरतं. बोटाने ओढलं तर ओठासारखी कड तुटून हातात आली.

मग माझी वही काढली. कुठला डबा कोणत्या महिन्यात बांधला ते मी लिहून ठेवते. ग्रीस लावलेले डबे जुने, काही तर दहा वर्षांचे. एकही परत आलेला नाही. परत आलेले तिन्ही गेल्या वर्षीच्या गणपतीनंतरचे. तिन्ही तेलातले.

असे एकूण अकरा गेलेत. तीन परत आले. आठ अजून धक्क्यावर क्रेनच्या अंगाला लटकलेले, चालू. आतलं सील रोज थोडं थोडं फुगतंय.

सप्लायर नाही, ग्लँड नाही, हरीदादाचं वयही नाही. माझं तेल. मी संध्याकाळी प्रेमाने मुरत घातलेलं.

लोणचं मुरवतात, रबर मुरवत नाहीत, एवढंही कळू नये? अकरा वर्षं मी हे काम करते आहे.


२६ नोव्हें., गुरुवार

सांगायचं ठरवून गेले. नाही सांगितलं.

बाटली पिशवीत घालून ठेवली. एका पोरीने विचारलं, "बाई, तेल कुठंय?" म्हटलं, संपलं. तिन्ही वाट्या खणात टाकल्या. साहेबांनी विचारलं, "काय, मोड आले का?" म्हटलं, "बघते." ते हसले. मीही हसले. इतकं खोटं हसू माझं मलाच ऐकू येत होतं.

कसं सांगू? गाळ्यात बायका म्हणजे साफसफाई, पॅकिंग. रिंगांच्या डब्याला हात लावणारी मी पहिली. सुरुवातीला सगळे म्हणायचे, बाईमाणसाच्या हाताने हजार व्होल्टचं काम? मग माझे डबे चालायला लागले आणि तोंडं बंद झाली. आता म्हणतील, शेवटी डोक्याचं तेलच लावलंन.

सुटताना हरीदादा साहेबांच्या केबिनमध्ये उभा दिसला. काहीतरी लिहीत होता. वाटलं, रजेचा अर्ज.


२७ नोव्हें., शुक्रवार

सुट्टी. पानवेलींना पाणी लावायला यांच्याबरोबर गेले. बाजूची वाडी गेली, तिथे सळया उभ्या राहिल्यात. आमच्या विहिरीचं पाणीही खाली गेलंय. हे पाट वळवत होते. एकदम म्हणाले, "परवापासून भाजीत मीठ नाही. बोल आता."

सांगितलं. सगळं. हे फावड्यावर हात ठेवून ऐकत राहिले. पाणी भलत्याच ओळीत गेलं तरी हलले नाहीत. शेवटी एवढंच विचारलं, "त्याला कामावरून काढला काय?" म्हटलं, काढला नाही, बसवून ठेवलाय. "एकच झालं," म्हणाले. आणि पाट वळवला.


२८ नोव्हें., शनिवार

उशीर झाला.

गेल्या गेल्या स्टोअरमध्ये गेले. म्हटलं, हरीदादा, मला तुझ्याशी बोलायचंय. तोच म्हणाला, "मी बी तुना सांगनार व्हतो. मी साहेबांना लिवून दिला." परवा केबिनमध्ये तो माफीपत्र लिहीत होता. ग्लँड आवळण्यात माझ्याकडून कसूर झाली, पुन्हा होणार नाही. खाली सही. साहेबांनी त्याच संध्याकाळी बंदराला फॅक्स केलं, म्हणजे बंदरवाले शांत होतील, नवीन ऑर्डर अडणार नाही.

"अरे पण तू केलंस का तसं?"

"मना आठवत नाय, बाय. पन झालाच असन. पानी काय आपोआप आत गेला?"

मी गुरुवारी तोंड उघडलं असतं तर हा कागद झाला नसता. दोन दिवस मी माझी अब्रू सांभाळत बसले, आणि तेवढ्यात याने स्वतःची लिहून दिली.

त्याला तेव्हाही सांगता आलं नाही. स्टोअरमध्ये माणसं येत-जात होती. असं मी म्हणते. खरं कारण तेच, माझी अब्रू.


२९ नोव्हें., रविवार

साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन तीन वाट्या टेबलावर ठेवल्या. म्हटलं, दाबून बघा.

त्यांनी पहिलं दाबलं, दुसरं दाबलं. तिसऱ्यात अंगठा रुतला. वास घेतला. मग खुर्चीत मागे टेकले.

"मीच म्हटलं होतं ना, वा?"

"हो."

"मी इंजिनिअर आहे, राऊतबाई. तुम्ही नाही. रबराला तेल चालत नाही, हे मला कळायला पाहिजे होतं. मी ग्रीसची ट्यूब आणायला विसरलो आणि वर तुमचं कौतुक करून मोकळा झालो."

मला रडू आलं. त्यांनी पाणी मागवलं. वाटलं, संपलं आता, सुटलो सगळे.

मग म्हणाले, हरिश्चंद्रला उद्यापासून चाचणीवर परत घेतो. बंदराला मात्र काही कळवायचं नाही. सहा रीलची ऑर्डर सहीपर्यंत आली आहे. अकरा डब्यांत आमचीच चूक आहे असं कळलं तर ती गेलीच. गाळ्यात चौदा माणसं आहेत. जे डबे बंद पडतील ते येतील तसे गुपचूप दुरुस्त करू.

"आणि त्याचं माफीपत्र?"

"फाइलला लागलं. कोण उघडून बघतंय?"

साहेब वाईट माणूस नाही. घाबरलाय. मीही दोन दिवस घाबरलेलीच होते, तर मी काय बोलणार! तरी म्हटलं, तो कागद फाइलमध्ये आहे तोवर त्याला बंदरावर पास मिळणार नाही. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले.


१ डिसेंबर, मंगळवार

हरीदादाला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, गाळ्यामागे, जुन्या रीलच्या लाकडी चाकावर बसून. सीलही दाखवलं. तो ते बोटात घेऊन फिरवत राहिला.

"म्हंजे ग्लँड बराबर व्हता?"

"बरोबर होता."

"तिन्ही?"

"तिन्ही."

चिडला असता तर बरं झालं असतं. सील माझ्या हातात दिलं, तोंड धुतलं, पिशवी उचलली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघून गेला.


३ डिसें., गुरुवार

आला नाही. कालही नव्हता.

ग्रीसच्या ट्यूबा आल्या. एकदम बारा. साहेबांनी स्वतः जाऊन आणल्या. आज पहिला डबा ग्रीस लावून बांधला. पोरींना जमवून तिसरी वाटी दाखवली आणि सांगितलं, माझ्यामुळे झालं, तेल बंद. एकीने विचारलं, "मग हरीदादाने माफी का मागितली?" म्हटलं, त्याला माहीत नव्हतं. "तुम्हाला माहीत होतं?" म्हटलं, तेव्हा होतं. पोरगी खाली मान घालून रिंगा पुसायला लागली. तिने काही वावगं विचारलं नव्हतं.


५ डिसें., शनिवार

हरीदादा आला. गाळा उघडायच्या आधी नेहमीप्रमाणे दारात.

मी समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेते. तो म्हणाला, "तीन दिस चावळी भरत व्हतो कुपाच्या." म्हणजे घराचं कुंपण दुरुस्त करत होता. नंतर म्हणाला, "आठ डबं खोलायचं हाय धक्क्यावर. कोन खोलनार? तुना शिडी चढता येतं?"

"नाही."

"मंग मनाच जावा लागंल."

"तुला गेटमध्ये घेणार नाहीत, दादा."

हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तीन दिवस कुंपण बांधताना तो आठ डबे कोणत्या क्रमाने खोलायचे ते ठरवत होता. कागदावर लिहून आणलं होतं. क्रेनचे नंबर, कुठल्या डब्याला समुद्राचा वारा जास्त लागतो, कुठला आधी जाईल.


९ डिसें., बुधवार

चौथा डबा गेला. हरीदादाच्या कागदावर पहिला नंबर त्याचाच होता.

बंदराचा फॅक्स. या वेळी चार ओळी. "संबंधित फिटरने आपली कसूर लेखी मान्य केलेली असताना..." साहेबांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि इथे थांबले. पुढचं वाचलं नाही.

मी म्हटलं, "अजून सात आहेत. ते सगळे याच्याच नावावर जाणार."

हरीदादा दारात होता. त्याने आपला कागद साहेबांसमोर ठेवला. "ह्यो दोन नंबरच्या क्रेनचा. ह्याला महिना हाय. पन ह्यो तीन नंबरचा आठ दिस बी काढनार नाय, साहेब. तिथं खालून मानसं जातात." रीलचं अंग लोखंडाचं. आत पाणी शिरलं आणि वीज अंगावर उतरली तर आपोआप तुटून ट्रिप व्हायला हवं. होतंच. पण व्हायला हवं, यावर माणसाचा जीव किती दिवस ठेवायचा?

साहेबांनी कागद वाचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पत्र टाइप करतो."


१२ डिसें., शनिवार

पत्र झालं. इंग्रजीत, लेटरहेडवर. साहेबांनी अर्थ सांगितला. काही रबरी सीलमध्ये दोष आढळला असून ते विनामूल्य बदलून देण्यात येतील, त्यासाठी प्रत्येक क्रेन चार तास बंद ठेवावी.

म्हटलं, दोष आढळला म्हणजे? कोणाला आढळला, कोणी घातला? यात हरीदादाचं नाव कुठे आहे?

"राऊतबाई, पत्र असंच लिहितात."

मी पेन घेतलं. साहेबांच्या सहीखाली मराठीत लिहिलं: सीलला खोबरेल तेल मी लावत होते. फिटरने काम बरोबर केलेलं आहे. त्याचं माफीपत्र चुकीच्या समजुतीने लिहिलेलं आहे. खाली माझं नाव.

अक्षर वाकडं आलं. साहेबांनी पत्र उचललं, वाचलं. वाटलं, फाडतील. पाकिटात घातलं. म्हणाले, "पोस्टाने नको. हरिश्चंद्र आणि तुम्ही घेऊन जा."


१५ डिसें., मंगळवार

गुरुवारची वेळ मिळाली. बंदराचे मेंटेनन्स इंजिनिअर, सामंत साहेब. ऑफिस गेटच्या बाहेर आहे, पास लागत नाही. हरीदादा त्यांना ओळखतो. "चांगला मानूस. पन कागदाचा मानूस," म्हणाला.

यांनी विचारलं, मी येऊ का बरोबर? म्हटलं, नको, तुम्हाला बघून मला रडू येईल. केळीचा घड द्यायला निघाले होते सामंत साहेबांना! म्हटलं, आता वाडीतलं काही एक नको.


१७ डिसें., गुरुवार

गाळ्याच्या टेम्पोने गेलो. तीन वाट्यांतले सील एका स्टीलच्या डब्यात, प्रत्येकाला चिठ्ठी. माझी वही. हरीदादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

सामंत साहेब माझ्यापेक्षा लहान निघाले. पत्र वाचलं, माझ्या ओळी दोनदा वाचल्या. तिन्ही सील हातात घेतले, वहीतल्या तारखा पडताळल्या. मला म्हणाले, "हे तुम्ही स्वतः करून बघितलंत?" म्हटलं, हो, पण मला सप्लायरला पकडायचं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "चार वेळा माझी जहाजं अडली, बाई. वर मला काय ऐकावं लागलं ते मलाच माहीत." म्हटलं, माझी चूक आहे, मला काय ते बोला. त्यांनी मान हलवली.

मग कपाटातून फाइल काढली. हरीदादाचं माफीपत्र काढून समोर ठेवलं. फॅक्सचा कागद, अक्षर फिकट झालेलं, सही तेवढी ठळक. त्यांनी हरीदादाला विचारलं, "हरिश्चंद्र, तू इतकी वर्षं इथे येतोस. तू ग्लँड आवळलेला तुला माहीत होतं. कोणी जबरदस्ती केली सही करायला?"

"नाय साहेब."

"मग का केलीस?"

हरीदादा उभाच होता, खुर्ची दिली तरी बसला नव्हता. टेबलाकडे बघत म्हणाला, "डबा हिनी बांधलेला. मी तिचा डबा कदी खोलून बघत नाय साहेब, तसाच चढवतंय. हिच्या हातचा काम चुकल असा मना वाटलाच नाय. दोघांतला कोन तरी चुकला असन, तं मीच."

खोलीत पंखा चालू होता. मी पदर तोंडाला लावला आणि मला काही म्हणजे काही दिसेना.

सामंत साहेबांनी दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले, टाचणी लावली आणि फाइलमध्ये परत घातले. माफीपत्र खाली, आमचं वर. "काढून टाकता येत नाही, तो रेकॉर्ड आहे. पण मी वर पाठवतो. पासचं आणि क्रेनच्या शटडाउनचं वरूनच ठरेल."

हरीदादाने शर्टाच्या खिशातून क्रमाचा कागद काढून त्यांना दिला. म्हणाला, मना पास नाय मिळाला तरी हा ठेवा, जो कोन येईल त्याला द्या, तीन नंबरचा आधी खोला. सामंत साहेबांनी तो मात्र फाइलमध्ये घातला नाही. टेबलाच्या काचेखाली सरकवला.

टेम्पोत मी म्हटलं, "दादा, यापुढे माझा डबा खोलून बघत जा." तो म्हणाला, "बगीन." आणि बाहेर बघत बसला.


२१ डिसें., सोमवार

शनिवारी तीन नंबरची क्रेन चार तास बंद ठेवली. सामंत साहेबांचा फोन होता. त्यांच्याच माणसाने डबा खोलला. सील फुगलेलं, पाणी अजून शिरायचं होतं. नवं सील मी सकाळी ग्रीस लावून पाठवलं होतं, ते बसलं.

पासचं आणि बाकीच्या सहा डब्यांचं वर गेलंय. नव्या ऑर्डरबद्दल साहेबांनी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

हरीदादा चाचणीवर आहे. आज रीलवर चढवायच्या आधी त्याने माझ्या डब्याचं झाकण खोललं. बॅटरी मारून आत बघितलं, सीलवरून बोट फिरवलं. मी बाजूलाच होते. बघून झाल्यावर झाकण लावलं आणि पाना मागितला. मी दिला.